पायथ्याशी कोणी थांबत नाही

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहराच्या पश्चिमेला घरे, गोदामे आणि कार्यालये मागे पडली, की सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठच्या सपाट खाजणातून टेकड्यांची एक बुटकी रांग एकदम वर आलेली दिसते. या टेकड्या आणि त्यांना लागून असलेली दलदल मिळून कायोटी हिल्स रीजनल पार्क होते. येथील सर्वांत उंच माथादेखील समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 फुटांवर आहे. शहराच्या दुसऱ्या बाजूला 2,500 फुटांहून उंच असा मिशन पीक उभा आहे आणि त्याच्या माथ्यावरच्या खांबाशी छायाचित्र काढून घेण्यासाठी तरुण मंडळी पहाटेपासून चढत असतात. त्यामुळे या ठेंगण्या टेकड्यांविषयी फारसे कोणी अभिमानाने बोलत नाही. मला मात्र आमच्या परिसरातील सर्व उद्यानांमध्ये हीच जागा मोलाची वाटते, आणि तिचे मोल तिच्या कमी उंचीतच आहे असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांची डोंगराशी पहिली ओळख किल्ल्यांमुळे होते. गडावर जायचे म्हणजे चढायचे, घाम गाळायचा, बुरुजावर उभे राहून वारा अंगावर घ्यायचा, आणि या सगळ्यात एक रांगडा आनंद असतो हे मी कधीही नाकारणार नाही. पण अशा सहलींत कुटुंबाचे नकळत दोन भाग पडतात. माझी आई नेहमी खालच्या भागात राहिली. देवळाच्या ओट्यावर किंवा एखाद्या आंब्याच्या सावलीत बसून तिने आमच्या पिशव्या सांभाळल्या, गावातल्या विहिरीवरून पाणी आणून बाटल्या भरून ठेवल्या, आणि आम्ही उतरून आल्यावर वरून काय काय दिसले त्याचे वर्णन ऐकून घेतले. त्यात वावगे काही आहे असे तेव्हा कोणालाच वाटले नाही, तिलाही वाटले नाही. आता तिचे गुडघे दुखतात आणि माझी मुलगी शाळेच्या पहिल्या इयत्तांत आहे; या दोघींना एकाच वाटेवरून, एकाच वेळी, एकमेकींचा हात धरून चालता येईल अशी टेकडी मला हवी होती, आणि ती घरापासून मोटारीने पंधरा-वीस मिनिटांवर निघाली.

टेकड्यांना वळसा घालणारी बेव्ह्यू ट्रेल नावाची वाट साधारण 3 ते 3.5 मैलांची आहे. ती डांबरी आहे, तिच्यावर चढउतार आहेत पण दमवणारे नाहीत, आणि बाबागाडी, सायकल किंवा हातातली काठी यांपैकी काहीही घेऊन तिच्यावरून जाता येते. पूर्वेकडे पाणथळ भाग, पश्चिमेकडे उपसागर आणि मिठाची तळी, असे दोन वेगळे देखावे एकाच फेरीत मिळतात. ज्यांना पूर्ण फेरी नको असेल त्यांच्यासाठी माहितीकेंद्रासमोर दलदलीवर टाकलेली लाकडी पायवाट आहे. तेथे पाणकणसांच्या गर्दीतून चालताना लाल खांद्यांचे काळे पक्षी अगदी हाताच्या अंतरावर ओरडत बसलेले असतात. ज्यांच्या पायांत जोर आहे त्यांनी मधूनच फुटणाऱ्या कच्च्या वाटेने रेड हिलच्या माथ्यावर जाऊन यावे. आमच्या घरात मात्र एक नियम ठरलेला आहे: चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवायचा आणि परत फिरण्याचा निर्णयही त्यानेच घ्यायचा. हा नियम मुलांना सुरुवातीला जाचक वाटतो. पण हळू चालल्यामुळे जे दिसते ते भराभर चालणाऱ्याला दिसत नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात येते, कारण खाली वाकून दगड उलटायला आणि किडे पाहायला त्यांना तितकाच वेळ मिळतो.

आईवडील भारतातून काही महिन्यांसाठी राहायला आले की उपनगरातल्या आमच्या घरांत त्यांचे दिवस कसे जातात, हे येथे राहणाऱ्या मराठी वाचकांना सांगायला नको. मुले शाळेत, आम्ही कामावर, रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि गाडी चालवता येत नसल्याने कोठे जाता येत नाही. शनिवारी मॉल आणि रविवारी मंदिर एवढ्यावर मोठ्या माणसांचे मन फार काळ रमत नाही. ज्यांनी आयुष्यभर शेत, झाड, पाणी, पाखरू यांच्या सोबतीत दिवस काढले, त्यांना येथे ज्याविषयी स्वतःचे काही म्हणणे असेल अशी जागा द्यावी लागते. या उद्यानापर्यंत सार्वजनिक वाहतुकीने येणे सोपे नाही ही तिची मोठी उणीव आहे, आणि एकट्याने येथे येऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठांसाठी ती दूर व्हायला हवी असे मला मनापासून वाटते. गाडी उभी करण्याचे 5 डॉलर मात्र मला कधी जड वाटले नाहीत. चालत किंवा सायकलवर येणाऱ्याला तेही द्यावे लागत नाहीत.

आईचे म्हणणे वनस्पतींविषयी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रानमोहरीने उतार पिवळे होतात तेव्हा ती थांबून पाने निरखते, आणि वाटेच्या कडेला वाढलेली बडीशेप तिने दिसण्याआधी वासावरून ओळखली होती. या दोन्ही वनस्पती भूमध्य समुद्राच्या बाजूने माणसांबरोबर येथे आलेल्या आहेत, तसेच उन्हाळ्यात या टेकड्यांना सोनेरी करणारे बरेचसे गवतही बाहेरचेच आहे. येथला पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे कोकणातले डोंगर जेव्हा तांबूस आणि कोरडे असतात तेव्हा या टेकड्या हिरव्यागार असतात, आणि श्रावणात आपल्याकडे सगळीकडे हिरवे झालेले असते तेव्हा येथे गवत वाळून गेलेले असते. आईला हे उलटे पंचांग अंगवळणी पडायला वेळ लागला.

पॉयझन ओकची ओळख मात्र तिने चटकन करून घेतली. तीन-तीन पानांचा हा झुडूप कॅलिफोर्नियातल्या बहुतेक वाटांच्या कडेला असतो आणि त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. निसर्गमार्गदर्शकाने मुलांना तीन पानांची खूण सांगितली. मी आईला सांगितले, की हे झाड आंबा आणि काजूच्याच कुळातले आहे. "मग बिब्ब्याच्याही," ती लगेच म्हणाली, "बिब्बा उततो तसंच हे उतत असणार." ते खरेच आहे, बिब्बा त्याच कुळातला आणि दोघांच्या चिकातली दाहक द्रव्येही एकमेकांच्या जवळची. लहानपणी तिच्या आजोळी कोणाला बिब्बा उतला तेव्हा काय काय केले होते, ते तिने नातीला सविस्तर सांगितले, आणि त्या दिवसापासून माझ्या मुलीने वाट सोडून झुडपात पाय घातलेला नाही. कितीही पाट्या लावल्या असत्या तरी इतका परिणाम झाला नसता.

बाबांचा विषय मीठ. ते उरण तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी घरातली मोठी माणसे मिठागरांवर राबलेली होती आणि बांध, उघाडी (भरतीचे पाणी घेण्या-सोडण्याची झडप), भरतीचे वेळापत्रक हे सगळे त्यांनी ऐकून नव्हे, चिखलात उभे राहून शिकलेले होते. टेकडीच्या पश्चिम उतारावरून त्यांनी पहिल्यांदा खाली पाहिले तेव्हा डंबार्टन पुलाच्या दिशेने पसरलेली चौकोनी तळी, त्यांच्यामधले मातीचे बांध आणि त्या बांधांवरून जाणारी वाट पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी एकेका तळ्याचे काम बोटाने दाखवत सांगायला सुरुवात केली: हे पाणी नुकते आत घेतलेले, ते पुढे सरकवलेले, आणि लांबचे ते गुलाबी दिसते तेथे पाणी मिठाला आलेले. त्यांचे निदान अगदी बरोबर होते. खारेपणा वाढत जातो तसे पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्मजीव बदलतात, हिरवट पाणी पुढच्या तळ्यांत तांबूस-गुलाबी होते, आणि विमानातून दिसणारे या उपसागराच्या दक्षिण टोकाचे रंगीत चौकोन त्यामुळेच तयार होतात.

एका गोष्टीने मात्र ते चकित झाले. उपसागरातले पाणी आत घेतल्यापासून त्याचे मीठ होईपर्यंत येथे सुमारे पाच वर्षे लागतात. उरणला पावसाळा संपला की आगर पुन्हा तयार करायचे, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, आणि पुढच्या पावसाच्या आत सगळे मीठ काढून रचून ठेवायचे. एका हंगामाचे काम दुसऱ्या हंगामावर टाकण्याची सोयच नाही. येथे ऊन आहे पण हवा थंड, आणि समुद्रावरून येणारे धुके दुपारपर्यंत रेंगाळते. "पाच वर्षं धीर धरायचा म्हणजे पैसा लागतो," बाबा म्हणाले. "आमच्याकडे पाच महिन्यांत हातावर पैसे नाही आले तर चूल पेटायची नाही." त्या वाटेवर त्यांनी नातीला मिठाचे जेवढे अर्थशास्त्र शिकवले, तेवढे मलाही घरी राहून कधी समजले नव्हते.

पक्ष्यांच्या बाबतीत तर त्यांना येथे परके वाटलेच नाही. हिवाळ्यात या दलदलीत आणि तळ्यांत उतरणारी शॉव्हेलर बदके म्हणजे आपली थापटी, आणि पिनटेल म्हणजे आपली तलवार बदके. जात तीच, तिकडे येणारे थवे मध्य आणि उत्तर आशियातून येतात आणि येथे येणारे अलास्का-कॅनडाकडून, एवढाच फरक. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या येथे थोड्या वेगळ्या काळ्या-पांढऱ्या रचनेत भेटतो. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या चोचीचा वारकरी पाण्यावर थव्याने असतो. हा आपल्या वारकऱ्याचा अमेरिकी भाऊ. गवतावर एका जागी पंख फडफडवत हवेत थांबणारी पांढरी घार पाहून बाबांनी "कापशी" असे नाव घेतले, आणि दोन्ही पक्षी वेगळ्या जातींचे असले तरी एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) मोडतात, किंबहुना एके काळी त्यांना एकच मानले जात असे, हे मी नंतर पुस्तकात पाहून त्यांना सांगितले. पांढरे पेलिकन मात्र त्यांना नवे होते. त्यांचा थवा एका रांगेत पोहत, एकाच वेळी माना पाण्यात घालून मासे घेरतो हे त्यांनी दुर्बिणीतून पाहिले आणि रापण ओढण्याची पद्धत तीच असल्याचे सांगितले.

या भूमीवर माणसे किती काळापासून राहत आली आहेत, याचा पुरावा दलदलीच्या पलीकडे आहे. येथील मूळनिवासी ओलोनी लोकांच्या तुइबुन समूहाचे गाव येथे होते आणि दोन हजार वर्षांहून अधिक काळ साठत गेलेल्या शिंपल्यांचा, राखेचा आणि मातीचा उंचवटा अजून टिकून आहे. त्या जागी वाटेल तेव्हा जाता येत नाही. मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते, आणि ते योग्यच आहे, कारण असे उंचवटे त्यांच्या पूर्वजांच्या दफनाच्याही जागा असतात. माहितीकेंद्रात टूली नावाच्या लव्हाळ्याच्या जुड्या बांधून केलेली नाव ठेवलेली आहे. तशाच जुड्यांची घरेही हे लोक बांधत. ओलोनी लोक इतिहासजमा झालेले नाहीत, ते याच परिसरात राहतात, आपल्या भाषा पुन्हा बोलत्या करण्याचा प्रयत्न करतात, आणि अनेक वर्षे त्यांचा मेळावा याच उद्यानात भरत आला आहे. हे मुलांना आवर्जून सांगावे लागते, नाही तर काचेच्या पेटीतील वस्तू पाहून त्यांचा समज भलताच होतो. त्यानंतरचा इतिहास मी थोडक्यात सांगते: मिशन म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांची वसाहत, गुरांची कुरणे, शेती, 1950च्या दशकात नाइकी नावाच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा लष्करी तळ, आणि तो बंद झाल्यावर सागरी सिंहांच्या श्रवणशक्तीचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा.

रेड हिलचा लाल दगड या सगळ्यांपेक्षा जुना आहे. तो चर्ट आहे. खोल समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांचे सिलिकायुक्त सांगाडे साचून तो बनला आणि पुढे भूपट्टांच्या हालचालींत किनाऱ्याला येऊन चिकटला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा लाल दगड त्याहूनही आधीचा. याच रांगेच्या दक्षिण टोकाला अनेक वर्षे खडीची खाण चालली आणि टेकडीचा मोठा लचका रस्त्यांखाली गेला. ती खाण थांबली आणि 2021 मध्ये त्या जागी उपसागराकाठी तंबू ठोकून राहण्याची सोय झाली. मी टेकडीवर उभी राहिले की त्या बाजूला नेहमी पाहते, कारण संपूर्ण रांगेचे तसेच होणे अशक्य नव्हते.

ते का झाले नाही, हे समजून घेण्यासाठी 1934 पर्यंत मागे जावे लागते. ओकलंड आणि बर्कलीच्या मागच्या डोंगरांत तेथील पाणीपुरवठा संस्थेची विस्तीर्ण जमीन होती. सिएरा पर्वतातून पाणी आल्यावर त्यातली हजारो एकर जमीन अतिरिक्त ठरली आणि ती घरांसाठी विकली जाण्याची शक्यता निर्माण झाली. नागरिकांनी ती उद्यानांसाठी राखण्याची मागणी लावून धरली, 1930 मध्ये तिचा आराखडा तयार झाला, आणि 1934च्या नोव्हेंबरमध्ये सात शहरांतील मतदारांसमोर प्रश्न ठेवण्यात आला: उद्यानांचा स्वतंत्र जिल्हा, म्हणजे उद्याने सांभाळणारी सार्वजनिक संस्था, स्थापन करण्यासाठी मालमत्तेच्या मूल्यांकनावर दर 100 डॉलरमागे 5 सेंट कर द्याल का? तो महामंदीचा काळ होता. बँका बुडालेल्या होत्या, माणसे कामासाठी रांगा लावत होती. तरीही 71 टक्के मतदारांनी होकार दिला. त्यातून ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट उभा राहिला. 1936 मध्ये त्याची पहिली उद्याने खुली झाली, पुढे फ्रीमाँटचा भाग त्यात सामील झाला, आणि 1960च्या दशकात कायोटी हिल्स उद्यान झाले. 1988 मध्ये 22.5 कोटी डॉलरचे आणि 2008 मध्ये, पुन्हा एका आर्थिक संकटाच्या ऐन मध्यात, 50 कोटी डॉलरचे कर्जरोखे मतदारांनी दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजूर केले. आज दोन काउंट्यांमध्ये मिळून 70हून अधिक उद्याने या संस्थेकडे आहेत. कायोटी हिल्सच्या शेजारची पॅटरसन कुटुंबाची जवळजवळ 300 एकर जमीनही 2014 मध्ये उद्यानाला मिळाली. जेथे भाजीपाला पिकत असे तेथे आता देशी झाडे लावून नव्या वाटा काढल्या आहेत.

मला या हकिकतीतले मोठेपण आकड्यांपेक्षा त्या माणसांच्या निवडीत दिसते. त्यांच्यापैकी बहुतेकांना स्वतःच्या घरखर्चाची भ्रांत असणार, आणि त्यांनी कर भरला तो ज्यांची नावेही त्यांना कधी कळणार नव्हती अशा लोकांच्या फेरफटक्यासाठी. उरणहून आलेली माझ्या आईवडिलांची जोडी त्या लोकांत आहे. म्हणूनच पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाला विरोध करत माणसे टेकडीवर जमतात तेव्हा मला त्यांचे पूर्णपणे पटते. रोज पहाटे त्या टेकडीवर जाणाऱ्यांत हृदयविकाराचे रुग्ण असतात, परीक्षेची पुस्तके घेऊन बसणारी मुले असतात, भिजवलेले दाणे घेऊन मोरांची वाट पाहणारे निवृत्त लोक असतात. शहरालगतची टेकडी ही शहराच्या आरोग्याची गरज आहे, आणि पाण्याच्या टाकीसाठी जसा निधी काढून ठेवतात तसा तिच्यासाठीही काढून ठेवला पाहिजे. बाबांच्या उरणात बंदर, रस्ते आणि वसाहती यांच्या भरावाखाली कितीतरी मिठागरे आणि खाजणे गेली. पाणज्याची पाणथळ वाचवण्यासाठी पक्षीमित्र आणि कोळी बांधव अजून झगडत आहेत. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाले की पाणथळ कशी वाळते, हे बाबांनी स्वतः पाहिले आहे.

त्यामुळेच येथे चाललेल्या एका कामाने त्यांचे लक्ष पूर्णपणे वेधून घेतले. 2003 मध्ये या उपसागराच्या दक्षिण भागातली 15,100 एकर मिठाची तळी सरकारी संस्थांनी विकत घेतली, आणि तेव्हापासून त्यातले बांध टप्प्याटप्प्याने मुद्दाम फोडून भरतीचे पाणी पुन्हा आत घेतले जात आहे, म्हणजे गाळ साचेल, खारट दलदलीतली झुडपे उगवतील आणि वादळी लाटांपासून काठच्या वस्तीला आडोसा मिळेल. काही तळी मुद्दाम उथळ ठेवली आहेत, कारण शेकाट्यांसारख्या पक्ष्यांना तीच सोयीची असतात. बांधाला खांड पडली की अर्ध्या रात्री सगळा गाव टोपल्या घेऊन धावत असे, अशा गावात बाबा वाढले. बांध यंत्र लावून फोडायचा ही कल्पना त्यांना पचनी पडायला वेळ लागला. मग त्यांनी माहितीकेंद्रातल्या मार्गदर्शकाला माझ्यामार्फत प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाळ वर्षाला किती चढतो, एक बांध फोडल्यावर आतल्या बांधाची डागडुजी कोण करते, मोठ्या उधाणाला रस्ता पाण्याखाली जातो का. त्या बाईंनी खुर्ची ओढून बाबांना शेजारी बसवले, नकाशा उलगडला, आणि उरणची उघाडी लाकडाची असते की दगडाची, तिची झडप भरतीला आपोआप कशी मिटते, हे त्यांनी बाबांकडून कागदावर काढून घेतले. माझी मुलगी दोघांच्या मध्ये उभी राहून दुभाष्याचे काम करत होती आणि मी कधीच बाजूला झाले होते.

उत्तरेला हेवर्डच्या बाजूला ईडन लँडिंग आहे, तेथे बांध फोडलेली तळी आणि जुन्या मिठागराचे लाकडी खांब जवळून पाहता येतात. पुढच्या खेपेला ओहोटीची वेळ पाहून तेथे जायचे असे बाबांनी ठरवले आहे. वाट लांब असली तरी सपाट आहे, आणि अर्ध्यावरून परतता येते, त्यामुळे आईनेही होकार दिला आहे. सावली मात्र तेथे नाही, म्हणून सकाळी लवकर निघायचे, पाणी जास्त घ्यायचे, आणि दशम्या व दाण्याची चटणी आदल्या रात्रीच करून ठेवायची, असे तिचे म्हणणे आहे.